काजळीचा खुराक

काजळीच्या गळ्यातला पट्टा रोज सकाळी बोलायचा. आवाज बाईचा, शहरातला, गोड. "नमस्कार. काजळी अतिसक्रिय गटात आहे. तिच्या आहारात प्रथिने कमी पडत आहेत. कृपया आहार बदला." एवढं बोलून पट्टा गप्प व्हायचा आणि आमच्या मेंढरांच्या तळावरची बाकीची कुत्री त्या बाईला शोधत इकडेतिकडे बघायची.

"आत्ती, तुमची सासू बोलाय लागली बघा," रेश्मा म्हणायची. "भाकरी बडवून माझं हात झिजलं, तरी हिला कमीच."

रेश्मा माझ्या भावाची, मायाप्पाची, थोरली सून. नवरा गेल्यापासून मी भावाच्याच तळावर राहिले. मेंढरं त्याची आणि माझी एकत्र, कुत्री मात्र सगळी माझ्याकडे. त्यांचं खाणं, त्यांच्या जखमा, त्यांची पिल्लं हे सगळं मीच बघायची. काजळी त्यातली पुढारी. अंगाने काळी, पायांनी लांब, छाती खोल. जतच्या माळावर तिच्यासारखी कुत्री दुसरी नव्हती, आणि हे मी माझी म्हणून सांगत नाही.

सरकारने माळ लांडग्यांसाठी राखून ठेवला त्याला बरीच वर्षं झाली होती. लांडगे वाढले. त्यांना दगड मारला तरी गुन्हा, आणि वरून उडतं यंत्र सगळं बघतच असायचं. मेंढरं वाचवायला कुत्र्यांशिवाय काही उरलं नाही. म्हणून सरकारनेच हे पट्टे वाटले. कुत्रं किती धावलं, नाडी किती, अंगातलं मांस किती झडलं, हे पट्टा कातडीतून ओळखायचा. खोटं बोलत नव्हता तो. काजळीच्या फासळ्या मलाही दिसत होत्या. पूर्वीच्या कुत्र्यांना एखाद्या लांडग्यामागे पळावं लागे, हिला टोळीमागे पळावं लागत होतं. दूध-भाकरीवर ते भागत नव्हतं.

तेव्हा तुषार आला. मायाप्पाचा धाकटा. जनावरांच्या आहाराचं शिकला आणि तालुक्याच्या गावाबाहेर कुत्र्यांच्या खाद्याचा नवा कारखाना झाला होता, तिथे सल्लागार म्हणून लागला. माझ्याच मांडीवर वाढलेलं पोर. विजेच्या गाडीवर तीन पिशव्या बांधून आला आणि माझ्यापुढे मांडून बसला.

"आत्ती, नीट ऐक," तो म्हणाला. "पळणाऱ्या कुत्र्याला चरबी म्हंजे सरपण. ती जळती, म्हणून पळता येतं. पण पळून पळून मांस आतनं फाटतं, ते सांधायला प्रथिन लागतं. स्वस्त खाद्यात निस्ता मका असतोय. पोट भरतं, मागनं निघून जातं. पिशवीवरचा आकडा मोठा आहे म्हणून भुलायचं न्हाई. प्रथिन आलंय कशातनं, ते आधी बघायचं."

प्रथिन आलंय कशातनं ते आधी बघायचं. हे त्यानेच मला सांगितलं. म्हणून तर माझा राग जात नाही.

पहिल्या पिशवीत कोंबडीचं होतं. दुसरीत माश्यांच्या अळ्या वाळवून केलेलं.

"शी!" रेश्माने तोंडाला पदर लावला. "कुत्री गरिबाची असली म्हणून अळ्या खात्यात व्हय?"

"वहिनी, तू सुकट खातीस की मिटक्या मारत."

"ती समुद्रातली हाय. शेणातली न्हवं. अन् तुझ्या कंपनीतलं सायेब खात्यात का रं ह्या अळ्या?"

"त्यांचं कुत्रं खातं."

"त्यांचं कुत्रं सोफ्यावर निजतं. त्याला प्रथिन कशाला, उशी द्या."

तिसरी पिशवी सगळ्यात चकचकीत. तिच्यावर लिहिलं होतं, 'संवर्धित प्रथिन'. आकडा तिचाच मोठा.

"हे काय?" मी विचारलं. "ह्यात काय कापलंय?"

"काहीच कापलं न्हाई, आत्ती. हेच तर नवल हाय."

मग त्याने समजावलं, आणि चांगलं समजावलं. जनावराच्या अंगातून टाचणीच्या डोक्याएवढा कण घ्यायचा. त्यात जिवंत पेशी असतात. त्या कोमट टाकीत सोडायच्या, टाकीत साखर, मीठ आणि त्यांना लागतं ते सगळं घातलेलं. एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. टाकी मांसाने भरते. ते काढून वाळवायचं, दळायचं, दाबून दाणे पाडायचे. जनावर आपलं माळावर चरतच राहतं.

"विरजणासारखं," मी म्हणाले. "एका चमच्यावर मडक्यामागून मडकं लागतं."

"अगदी! आत्ती, तू आमच्या कंपनीत यायला पाहिजे होतीस."

मला बरं वाटलं. पुढचं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्यात मांसाबद्दल प्रश्न एकच असतो, काय कापलंय? कापल्याशिवाय मांस होत नाही, हे ज्यांच्या हाडात बसलंय ते दुसरं काय विचारणार? काही कापलं नाही म्हटल्यावर माझ्या लेखी ते मांसच राहिलं नाही. डाळीसारखं काहीतरी झालं. माझ्या जागी तळावरचं कुणीही असतं तर तिथेच थांबलं असतं, आणि तुषारला हे पक्कं माहीत होतं. तोही त्याच तळावर जन्मलेला.

तीन थाळ्यांत तीन खाद्यं ओतली. काजळीने कोंबडी हुंगली, अळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि तिसरी थाळी अशी साफ केली की ॲल्युमिनियम चमकायला लागलं.

"कुत्रीनंच निवडलं," तुषार म्हणाला. "आता तुम्ही-आम्ही कोण बोलणार?"

खाद्य लागू पडलं, हे कबूल करायला हवं. काजळीच्या फासळ्या झाकल्या. पाठ भरली, केस तेल लावल्यासारखे झाले. दिवसभर पळून आली तरी जीभ बाहेर नसायची. लांडगे आमच्या वाटेला येईनासे झाले. पट्ट्यातली बाई आता "अभिनंदन" म्हणायची. आसपासच्या तळांवरचे लोक काजळीला बघून जायचे आणि तेच खाद्य मागवायचे. कुत्र्यांच्या भाकऱ्या सुटल्या म्हणून रेश्मा खूश होती. एकदा मी काजळीला माझ्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून दिली. तिने हुंगून मान फिरवली. मी हसले. नवश्रीमंताची पोर, म्हणाले.

मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा हसणं संपलं.

आमच्या काजळीचं कोकरांशी नातं असं की ओलं कोकरू उभं राहायला धडपडत असलं तर ती त्याला नाकाने आधार द्यायची. मेंढ्यासुद्धा तिला जवळ येऊ द्यायच्या. त्या दिवशी सकाळी एक मेंढी व्याली आणि काजळी नेहमीसारखी गेली, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग मेंढी ओरडली. मी वळून बघितलं तर काजळीचं तोंड कोकराच्या कुशीत होतं.

रेश्माने काठी घेऊन धाव घेतली. कोकरू तडफडून गेलं. मला आजही टोचतं ते पुढचं. काजळीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोंड लाल, आणि शेपूट हलत होती. चोरी केलेलं कुत्रं कसं बघतं ते मला ठाऊक आहे. ती चोरासारखी बघत नव्हती. थाळी पुढे ठेवल्यावर बघायची, तशी बघत होती.

मी तिला बाभळीला बांधलं.

रेश्मा मात्र स्वस्थ बसली नाही. तिने एकेक कोकरू उचलून काजळीच्या तोंडापासून हातभर लांब धरायला सुरुवात केली. बहुतेक कोकरांना काजळी चाटायला बघायची, जुन्या सवयीने. काही कोकरं दिसली की मात्र तिच्या तोंडातून लाळ गळायची आणि दोरी ताणायची.

"आत्ती," रेश्मा म्हणाली, "ही लाळ गाळती ती सगळी भंडाऱ्याची हाईत बघा. त्याच्या लेकींची पोरं."

भंडाऱ्या हा माझा मेंढा. माडग्याळी जात, पोपटासारखं वाकडं नाक, कपाळावर तांबूस पिवळा पट्टा. मागच्याच वर्षी म्हातारा होऊन मेला. त्याला कापायचं मी नाव काढू दिलं नव्हतं. हळद लावून माळाच्या कडेला पुरला.

मी पिशवी आणली. मूठभर दाणे पातेल्यात घातले आणि वर कढत पाणी ओतलं. दाणे फुगले, वाफ आली. मी तोंड पुढे केलं, आणि तशीच मागे सरकले. उन्हात तापलेल्या मेंढ्याच्या मानेत तोंड खुपसल्यावर जो वास येतो, तो होता. रेश्माला हुंगायला दिलं. तिने पातेलंच लाथेने उडवलं.

तुषारला बोलावून घेतलं. येताना तो हसत होता. मेलेलं कोकरू बघून हसू गेलं.

"कसलं मांस हाय ते?" मी विचारलं.

"आत्ती, मी तवाच सांगितलं होतं की काही कापलं..."

"काय कापलं ते इचारलं न्हाई मी. कसलं हाय?"

तो घुटमळला. "मेंढीचं."

"कुठल्या मेंढीचं?"

मायाप्पा बाजेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. तुषार बापाकडे बघत राहिला. रेश्मा म्हणाली, "भाऊजी, बोला की. प्रथिनं कमी पडली व्हय?"

मग तो भडाभडा बोलला. मागे एकदा तो तळावर जनावरांची तपासणी करायला आला होता, तेव्हा भंडाऱ्याच्या कानाचा बारीक तुकडा त्याने घेतला होता. मीच मेंढा धरला होता. कंपनीने कितीतरी जनावरांच्या पेशी टाकीत घालून बघितल्या, त्यात सगळ्यात जोमाने वाढल्या त्या भंडाऱ्याच्या. न थकणाऱ्या, तो म्हणाला. मूळ मेंढा मेला तरी टाकीत त्या वाढतच होत्या. आता आमच्या माळासारख्या कितीतरी माळांवरची कुत्री त्यावर जगत होती. कायद्याने जनावराचं नाव पिशवीवर घालावं लागत नव्हतं, कारण जनावर कापलेलंच नव्हतं.

"अन् कुत्री कोकरू का धरती?" मायाप्पाने विचारलं.

"वासानं. मेंढीच्या चरबीत एक वास असतोय, प्रत्येक घराण्याचा जरा जरा निराळा. मोठ्या मेंढरावर धूळ, लोकर, कळपाचा वास चढतो, त्यात तो दबतो. ओल्या कोकरावर तेवढाच असतोय. कुत्र्याचं नाक रोज थाळीत तेच शिकलं..." तो थांबला. "असं व्हईल हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई, आत्ती. खरंच. आम्ही खाद्य बदलू. शेळीच्या पेशी हाईत आमच्याकडं."

"म्हंजे आता शेळीवाल्यांची कुत्री," रेश्मा म्हणाली.

"तू भंडाऱ्याचं मला का सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"सांगणार होतो. अभिमानाची गोष्ट हाय, आत्ती. तुझा मेंढा मेलाच न्हाई म्हण की."

माझ्या हातात काठी होती. मी ती खाली ठेवली, कारण हातात राहिली असती तर चालली असती.

"मी त्याला पुरलाय," मी म्हणाले. "हळद लावून. तो मेलाय. मेलेल्याला मरू द्यायचं असतं. तू त्याला टाकीत कोंडून ठेवलास, अन् त्याचंच मांस माझ्या हातानं माझ्या कुत्रीला चारलंस. टाकी बंद कर."

"टाकी माझ्या हातात न्हाई."

"कानाचा तुकडा घ्यायला तुझा हात व्हता ना?"

मायाप्पा मध्ये पडला. तो तळाचा मुख्य, शब्द त्याचा. "भांडण नंतर. कुत्रीला रक्त लागलंय. दिवस मावळायच्या आत तिचा निकाल लावा."

आमची रीत आहे तशी. रक्त लागलेलं कुत्रं तळावर ठेवत नाहीत, आणि सोडूनही देत नाहीत, कारण ते दुसऱ्याच्या कळपात शिरतं. काजळी बाभळीखाली बसून माझ्याकडे बघत होती. सगळे मोठमोठ्याने का बोलतायत ते तिला कळत नव्हतं.

"दादा, रीत अर्धीच सांगू नगंस," मी म्हणाले. "कुत्र्याला आपसूक चटक लागली तर कुत्र्याचा निकाल. पण माणसानं मेंढीचं मांस चारून लावली, तर चारणारानं तळ सोडायचा, कुत्रं घेऊन. आपल्या बाच्या तोंडून ऐकलंय आपण."

"तू जाणून चारलं न्हाईस."

"चारलं तर मी. आणलं ह्यानं, अन् ह्यानं जाणून आणलं. आम्हा दोघांचा निवाडा कर."

मायाप्पा खाली बसला. डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग रेश्माला म्हणाला, "जरा चहा टाक."

कुत्रीचा निवाडा उभ्या उभ्या झाला होता. पोराच्या निवाड्याला चहा लागला.

चहा झाला. मायाप्पा म्हणाला, "तुषार कवाच तळ सोडून गेलाय. फ्लॅटमधी ऱ्हातो. त्याला आणि काय सोडाय सांगू?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त संताप आला. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही उरलंच नाही, त्याला शिक्षा तरी काय करणार? शिक्षा होते ती ज्याचं सगळं तळावर आहे त्याला.

"मग माझं मी बघते," मी म्हणाले. घोंगडं घेतलं, काजळीची दोरी सोडली.

"भागू, तसं न्हाई म्हणालो मी," मायाप्पा म्हणाला. "म्हातारपणी कुठं जाशील? कुत्र्यापायी?"

"तिचा जीव वाचवायचा हाय. तळावर राहून तो वाचत न्हाई, म्हणून जाते. तुला वाईट वाटत असंल तर तुझ्या पोराला इचार, मी का चालले ते."

रेश्माने भाकऱ्या बांधून दिल्या. तिचे डोळे कोरडे होते; ती माझ्यासारखीच रागावली की रडत नाही. तुषार म्हणाला, "आत्ती, गाडीवर सोडतो." मी त्याच्या गाडीला वळसा घालून निघाले.

काजळी येईना. कळप सोडायची तिला सवय नव्हती. चारी पाय रोवून खाली बसायची, मी ओढायची. तिला कळपापासून तोडताना मी तिला शिव्या दिल्या, तुषारला दिल्या, पट्ट्यातल्या बाईला दिल्या. पट्टा शेवटी काढून बाभळीच्या काट्यांत फेकला. तिथून बाई म्हणाली, "काजळीशी संपर्क तुटला आहे."

मी सरळ कारखान्यावर गेले. दुसरं कुठे जायचं ते मला सुचलंच नाही. वाटेत काजळीने भाकरी खाल्ली नाही. मी भिजवली, चावून दिली, तरी नाही. त्या दाण्यांशिवाय तिला काही चालत नव्हतं. ती उपाशी, म्हणून मीही उपाशी. राग पोटात होताच, त्यावर आम्ही दोघी रात्रभर चालत राहिलो.

कारखाना म्हणजे लांबलचक पांढरी भिंत, एक फाटक आणि आत चकाकणाऱ्या उंच टाक्या. तिथला वारा माझ्या तोंडावर आला आणि मी थबकले. सगळ्या आसमंतात भंडाऱ्याचा वास कोंदला होता. उन्हात कळप बसलेला असावा तसा.

काजळीचे कान उभे राहिले. मला वाटलं, आता ही आत घुसणार. भुकेली होती. खाद्याचा डोंगर भिंतीपलीकडे होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कौतुकाने मूठभर दाणे तिच्यापुढे टाकलेही. ती दोरी हिसडून निघाली. दाणे ओलांडून गेली. भिंतीच्या कडेने पळत तिने अख्ख्या कारखान्याला फेरी मारली, जागोजागी थांबून मुतली, आणि फाटकासमोर येऊन बसली. पाठ आत, तोंड बाहेर. राखणीचं कुत्रं कळपाकडे बघत बसत नाही. कळपाला पाठ देऊन जगाकडे बघतं.

कोकरू धरणारी कुत्री इथे राखण का करायला बसली, ते मला सांगता येणार नाही. नंतर तुषारलाही सांगता आलं नाही.

माल न्यायला गाडी आली. काजळी उठली. दात दाखवून अशी गुरगुरली की चालकाने काच वर घेतली. दुसरी गाडी पहिलीच्या मागे थांबली. मग माणसं जमली. पहारेकरी म्हणाला, "मावशी, कुत्री बाजूला घ्या."

"मी बसवली न्हाई तिला."

सकाळच्या पाळीची माणसं रस्त्यावर खोळंबली. कुणी काठी उचलली, पण पुढे कुणी आलं नाही. लांडग्यांच्या टोळीला भिडलेलं ते अंग होतं, आणि त्यांच्याच खाद्यावर भरलेलं.

तुषार धावत आला. त्याच्या लहानपणी तळावरची कुत्री त्याच्या अंगावर लोळायची. काजळी तर त्याचा आवाज ऐकून नाचायची. तो "काजळे, काजळे" करत हात पुढे करून आला, आणि ती त्याच्या हातावर दात आपटून मागे गेली. चावली नाही. एवढं बजावलं की इथून पुढे नाही.

तो हात छातीशी धरून माझ्याकडे आला.

"आत्ती, तिला बोलाव गं. गाड्या अडल्यात. तिला सांग, आत काय न्हाई म्हणून."

"तूच सांग," मी म्हणाले, आणि घोंगडं पसरून काजळीच्या शेजारी बसले.